मनाची गोळी, पाळीची गोळी आणि दोन वेगळ्या चिठ्ठ्या

गेल्या काही वर्षांत आमच्या मेडिकलच्या काउंटरवर औषधांची एक जोडी वरचेवर दिसू लागली आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम किंवा फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध असते, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर इथिनाइल इस्ट्राडायोल आणि ड्रॉस्पिरेनोन या संप्रेरकांची (हार्मोनची) एकत्रित गोळी असते, आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर नाव एकाच मुलीचे असते. वय सोळा ते एकोणीसच्या आसपास. औषधे घ्यायला बहुधा आई येते. पहिली चिठ्ठी ती पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी उलगडत काढते, दुसरी देताना "पीसीओडी आहे तिला" असे कोणी न विचारता सांगते, आणि पैसे देऊन झाल्यावर मागे कोणी उभे नाही याची खात्री करून हळूच विचारते, "ताई, ह्या दोन्ही एकत्र चालतात ना?"

बहुतेक वेळा चालतात, हे उत्तर खरे आहे, पण ते फार अपुरे आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे, डॉक्टर नाही. कोणत्या मुलीने कोणती गोळी घ्यावी हे ठरवणे माझे काम नव्हे. तरीही दोन्ही चिठ्ठ्या एकदम ज्याच्या हाती पडतात असा माणूस पुष्कळदा औषधविक्रेताच असतो, कारण मानसोपचारतज्ज्ञांकडे पाळीचा विषय निघालेला नसतो आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे "आणखी काही औषधे चालू आहेत का?" या प्रश्नाला आईने "नाही" असे उत्तर दिलेले असते. काउंटरवर दोन मिनिटांत जे सांगून होत नाही ते म्हणून येथे लिहीत आहे.

पीसीओडीसाठी (संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होणे), पाळीत फार अंगावरून जाते म्हणून, पोटात असह्य दुखते म्हणून किंवा मुरुमांसाठी दिली जाणारी ही गोळी म्हणजे गर्भनिरोधक गोळीच आहे, हे पुष्कळ घरांत कोणी स्पष्ट सांगितलेलेच नसते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल इस्ट्राडायोल ०.०३ मिलिग्रॅम असते. खाजगी चिठ्ठीवरच्या महाग गोळीतही इस्ट्रोजेन बहुधा तेच, म्हणजे इथिनाइल इस्ट्राडायोल, असते. बदलते ते दुसरे संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टिन, आणि त्याचे नाव ड्रॉस्पिरेनोन, डेसोजेस्ट्रेल किंवा सायप्रोटेरोन असते. कारण कोणतेही असो, बीजकोशातून बीज बाहेर पडणे थांबवणे हेच तिचे मुख्य काम राहते, आणि गर्भनिरोधक गोळीबाबतच्या सगळ्या सूचना व सगळ्या खबरदाऱ्या तिलाही तशाच लागू होतात.

आता मूळ प्रश्नाकडे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या एसएसआरआय नावाच्या नैराश्यविरोधी गटातील औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक आजार आणि प्रत्येक गर्भनिरोधक साधन यांची सांगड घालून १ ते ४ अशी श्रेणी देते. १ म्हणजे कोणतेही बंधन नाही आणि ४ म्हणजे ते साधन वापरूच नये. नैराश्याच्या आजारासाठी गोळी, इंजेक्शन, इम्प्लांट आणि हार्मोनयुक्त कॉपर-टीसारखे साधन या सर्वांना श्रेणी १ आहे. त्यामुळे "डिप्रेशनची औषधे चालू आहेत ना, मग ही गोळी नकोच" असे जे ठोकून दिले जाते त्याला आधार नाही. सुरुवातीच्या दिवसांत मात्र एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एसएसआरआय औषधांमुळे पहिले काही दिवस मळमळते, कधी उलटीही होते; आणि गर्भनिरोधक गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली असे धरता येत नाही, दुसरी घ्यावी लागते.

खरी अडचण शेजारच्या औषधांची असते. मानसोपचाराच्या चिठ्ठीवरचे प्रत्येक औषध "डिप्रेशनची गोळी" नसते, पण घरात सगळ्यांना तेच नाव पडते. मनःस्थितीतील तीव्र चढउतारांसाठी कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असेल तर ती औषधे यकृतातील विघटनाचा वेग वाढवतात, संप्रेरके लवकर संपतात आणि गर्भनिरोधक गोळी भरवशाची राहत नाही. टोपिरामेटचा डोस मोठा असल्यास तेच घडते. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठीच दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजिनच्या बाबतीत प्रकार उलटा आहे: तिथे गोळीतले इस्ट्रोजेनच लॅमोट्रिजिनची रक्तातील पातळी सुमारे निम्म्यावर आणू शकते. आता २८ गोळ्यांचे पाकीट डोळ्यांसमोर आणा. त्यात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या, बिनहार्मोनच्या असतात. माला-एनमध्ये त्या लोहाच्या असतात. म्हणजे तीन आठवडे लॅमोट्रिजिन कमी पडते आणि चौथ्या आठवड्यात तेच एकदम वाढते. मुलीला महिन्यातले काही दिवस चक्कर येते, एक वस्तू दोन दिसते, आणि उरलेल्या दिवसांत मन पुन्हा ढासळू लागते. घरात मात्र त्याचे खापर परीक्षेवर, मोबाइलवर आणि जागरणांवर फुटते. दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधे ठाऊक असतील तर लॅमोट्रिजिनचा डोस जुळवून घेता येतो किंवा इस्ट्रोजेन नसलेले साधन निवडता येते. हार्मोनची गोळी बंद करतानाही कळवावे लागते, कारण तेव्हा वाढवलेला डोस अचानक जास्त होतो.

मनःस्थितीतील चढउतारांसाठीच्याच व्हॅल्प्रोएट या औषधाविषयी तर मी आईला बाजूला घेऊनच बोलते. गरोदरपणी हे औषध चालू असेल तर साधारण दहांतील एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि दहांतील तीन ते चार मुलांच्या बौद्धिक व भाषिक विकासावर परिणाम होतो. शिवाय याच औषधाने पाळी अनियमित होऊन पीसीओडीसारखे चित्र उभे राहू शकते. वयात आलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट देण्याखेरीज इलाज नाही असे डॉक्टरांनी ठरवले असेल, तर गर्भनिरोधनाचा विषय त्याच बैठकीत निघायला हवा, मुलगी कितीही "तशी नाही" असे घरच्यांना वाटत असले तरी.

मानसोपचाराबाहेरची दोन औषधेही येथेच सांगून ठेवते. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन गर्भनिरोधक गोळीला जवळजवळ निकामी करते, आणि आपल्याकडे क्षयरोग काही दुर्मीळ नाही. मन प्रसन्न ठेवणारे वनौषधी म्हणून इंटरनेटवर विकले जाणारे सेंट जॉन्स वर्टही गोळीचा परिणाम घटवते आणि एसएसआरआयबरोबर घेतल्यास धोक्याचे ठरते. "आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य मी ज्या सहजतेने ऐकते त्या सहजतेने त्यावर विश्वास ठेवू शकत नाही.

याच्या उलट दिशेनेही घोळ होतो, आणि तो मला जास्त खटकतो. पाळी चुकली की पीसीओडी, असे समीकरण आता इतके रुजले आहे की औषधामुळे पाळी चुकली असेल अशी शंकाच कोणाला येत नाही. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड ही मानसोपचारातील औषधे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवतात. त्याने पाळी लांबते किंवा बंद होते, कधी स्तनातून दुधासारखा स्रावही येतो. गॅस आणि अ‍ॅसिडिटीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमधील लेव्होसल्पिराइडही हेच करते. नैराश्याच्या मुलीला पोटाच्या तक्रारी असतातच, म्हणून एखाद्या जनरल डॉक्टरांनी ती कॅप्सूल लिहिलेली असते, महिनोन्महिने ती चालू राहते, पाळी थांबते आणि मग पाळी आणण्यासाठी हार्मोनची गोळी सुरू होते. प्रोलॅक्टिनची साधी रक्ततपासणी आधी झाली असती तर तिसरे औषध सुरू करण्याऐवजी ती कॅप्सूलच बंद करता आली असती.

आता त्या प्रश्नाकडे, जो आया फारसा विचारत नाहीत पण मुली स्वतः विचारतात: "ह्या गोळीनेच तर मला असे होत नसेल?" डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची आरोग्यविषयक नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते. त्या नोंदींवरून १५ ते ३४ वयोगटातील दहा लाखांहून अधिक स्त्रियांचा जो अभ्यास झाला त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्रित गोळी घेणाऱ्या स्त्रियांना नैराश्यविरोधी औषध पहिल्यांदा सुरू होण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.२ पट होते. १५ ते १९ या वयात मात्र ते १.८ पट होते आणि केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळीसाठी २.२ पट. हे आकडे वाचून घाबरायला होते, म्हणून त्यांच्यामागचे मूळ प्रमाणही पाहिले पाहिजे: सर्व वयांचा एकत्र विचार केला तर वर्षाला शंभर स्त्रियांमागे १.७ विरुद्ध २.२, असा तो फरक होता. शिवाय हा नोंदींचा अभ्यास होता. गोळी सुरू करण्याच्या वयातच पहिले प्रेम, पहिला प्रेमभंग आणि घराबाहेर पडणे हेही घडत असते, आणि त्यातले काय कशामुळे झाले हे नोंदवही सांगू शकत नाही. त्याच संशोधकांना पुढे आत्महत्येच्या प्रयत्नांशीही संबंध आढळला, विशेषतः गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. युरोपातील नियामकांनी त्यानंतर गोळीच्या माहितीपत्रकात मनःस्थितीविषयीचा इशारा घालायला लावला.

या अभ्यासाचा हवाला देणारे लोक एक महत्त्वाची गोष्ट गाळतात. ज्यांना आधीच नैराश्याचे निदान झाले होते किंवा औषध चालू होते, त्यांना पहिल्या अभ्यासातून वगळलेले होते. म्हणजे आमच्या काउंटरवरची ती मुलगी, जी आधीपासून एस्सिटालोप्राम घेते आहे, तिच्याविषयी तो अभ्यास थेट काहीच सांगत नाही. आधीच नैराश्य असलेल्या स्त्रियांमध्ये जे थोडे अभ्यास झाले आहेत त्यांत गोळीमुळे सरसकट आजार बळावल्याचे दिसलेले नाही, आणि वर सांगितलेली श्रेणी १ त्याच आधारावर आहे. माझे मत असे की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानाव्यात: बहुसंख्य मुलींना गोळीने मनाचा त्रास होत नाही, आणि काही थोड्या मुलींना होतो. "मला गोळी सुरू झाल्यापासून विनाकारण रडू येते" असे एखादी मुलगी सांगत असेल तर तिला जगभरातील सरासरी ऐकवून गप्प करणे हा उपचार नव्हे. काहींच्या बाबतीत परिस्थिती याच्या अगदी विरुद्धही असते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ज्यांची मनःस्थिती भयंकर खालावते आणि पाळी येताच पूर्ववत होते, अशा मुलींसाठी एसएसआरआय हा मुख्य उपचार आहे, आणि ड्रॉस्पिरेनोनची २४ हार्मोनच्या अधिक ४ बिनहार्मोनच्या गोळ्यांची रचनाही त्यासाठी मान्य आहे. तिथे दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुखण्यावर काम करत असतात.

म्हणून सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुरुवातीच्या वेळेचा आहे. नैराश्यविरोधी औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि त्या सुरुवातीच्या आठवड्यांत काही किशोरवयीन मुलामुलींमध्ये अस्वस्थता, चिडचिड आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००४ मध्ये या औषधांवर त्याविषयीचा ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. हार्मोनच्या गोळीचेही पहिले तीन महिने मळमळ, अधूनमधून डाग पडणे आणि मन वरखाली होणे असे जाऊ शकतात. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू झाल्या आणि मुलगी बिघडली, तर कशाने बिघडली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या गोळीची बाजू घेतात. घाई नसेल, म्हणजे पीसीओडी किंवा मुरुम एवढेच कारण असेल, तर एक औषध स्थिरावल्यावर दुसरे सुरू करता येईल का हे विचारावे. गर्भधारणेची शक्यता असेल तर मात्र थांबण्याचा सल्ला देता येणार नाही. नैराश्यातील मुलीवर नको असलेली गर्भधारणा कोसळणे हे गोळीच्या कोणत्याही दुष्परिणामापेक्षा जड आहे. सुरू करण्यापूर्वीचे दोन-तीन आठवडे आणि नंतरचे तीन महिने साध्या वहीत झोप, भूक, रडू आणि पाळीची तारीख मुलीने स्वतः लिहावी. ती वही आईने रोज तपासू नये, एवढे पथ्य पाळले तरच ती खरी लिहिली जाते.

साधन निवडतानाही मनाचा विचार व्हावा. सरकारी कार्यक्रमातील अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते, रोज आठवण ठेवायची कटकट नसते, आणि कार्बामाझेपिनचाही त्यावर परिणाम होत नाही. पण एकदा टोचल्यावर ते तीन महिने काढून घेता येत नाही, आणि अठराखालील मुलींच्या हाडांच्या घनतेचा प्रश्न असल्याने त्या वयात ते विचारपूर्वक द्यावे लागते. मन नाजूक असलेल्या मुलीला पहिलेच साधन म्हणून ते मला पसंत नाही. गोळी त्या मानाने कधीही थांबवता येते, पण तिची गैरसोय वेगळी: नैराश्यात दिवस-रात्रीचे गणितच कोलमडते आणि गोळी विसरते. लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या चुकल्या तर पुढचे सात दिवस कंडोमशिवाय संरक्षण धरू नये. हार्मोन नकोच असतील तर साधी कॉपर-टी आहे, आणि लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली सेंटक्रोमनची छाया ही गोळी आहे, जी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते. तिच्याने पाळी पुढे जाऊ शकते, हे आधी सांगितलेले बरे.

रक्तदाब मोजल्याशिवाय इस्ट्रोजेनची गोळी सुरू करू नये, आणि व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचे औषध चालू असेल तर तो पुन्हा पुन्हा मोजावा, कारण दोन्ही औषधे तो वाढवू शकतात. डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठत असेल तर ही गोळी वर्ज्य आहे. रक्ताच्या गुठळीचा धोका या वयात कमी असला तरी शून्य नसतो. एक पाय सुजणे, छातीत दुखणे, दम लागणे ही लक्षणे "टेन्शनमुळे" म्हणून सोडून देऊ नयेत. मानसिक उपचार घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत ती हमखास सोडून दिली जातात.

डॉक्टरांशी पाच मिनिटे एकटीने बोलण्याची संधी मुलीला मिळावी, असे मला फार वाटते. अठरा पूर्ण झालेली मुलगी स्वतःचा निर्णय घेऊ शकते. त्याखालील वयात पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानुसार संमतीने आलेला शरीरसंबंधही गुन्हा ठरतो आणि तो कळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन डॉक्टरांवर असते, म्हणून मुली बोलत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचे नाव त्या माहितीत उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले. गर्भनिरोधनाच्या सल्ल्याबाबतचा संकोच मात्र तसाच आहे.

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी वाढते. त्या गोळीत नोरेथिस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टिनच असते आणि ते दिवसातून बहुधा तीन वेळा घेतले जाते. मनाचे औषध चालू असलेल्या मुलीला ती गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून देऊ नये; आणि ती आधीच एकत्रित गोळी घेत असेल तर वेगळ्या औषधाची गरजच नसते, डॉक्टरांना विचारून बिनहार्मोनच्या गोळ्या वगळून पुढचे पाकीट सुरू करता येते.

शेवटी, काही बिघडलेच तर कोणती गोळी थांबवायची? घरात पहिला वार डिप्रेशनच्या गोळीवर होतो, कारण तिचीच जास्त भीती असते. ती अचानक बंद केल्याने चक्कर, मळमळ, चिडचिड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे असा त्रास होतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते; ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायची असते. हार्मोनची गोळी मध्येच थांबवल्याने तसा अपाय होत नाही, रक्तस्राव होतो आणि संरक्षण संपते, म्हणून तीही विचारूनच थांबवावी. मुलगी मरणाविषयी बोलू लागली किंवा स्वतःला इजा करू लागली तर मात्र पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. तिला एकटीला सोडू नये, घरातील सगळी औषधे कुलपात ठेवावीत, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. निघताना दोन्ही चिठ्ठ्या आणि दोन्ही पाकिटे सोबत घ्यावीत, कारण तिथे भेटणारे डॉक्टर बहुधा नवीन असतील.